खाच

अंगठा बसला नाही. पाणी कोमट होतं, डोळे मिटलेले होते, डाव्या हातातल्या भांड्यातून बारीक धार पडत होती आणि उजव्या तळव्यात नवऱ्याचा धाकला, तो मुठीएवढा दगड, झोपाळू मुलासारखा कुशीवर वळत होता. पण ज्या जागी अंगठ्याचं पेर आपोआप घसरून टेकायचं त्या जागी ते टेकलं नाही, सरळ पुढे निघून गेलं. सवयीच्या जिन्यात एक पायरी कमी निघावी तसं झालं. तिने दगड पुन्हा फिरवला. पोटाकडून पाठीकडे, पाठीकडून पोटाकडे. गुळगुळीत. अंगठ्याचं पेर मावेल एवढीशी ती खाच कुठेच नव्हती. धार पडतच राहिली, बादली भरून पाणी पायांवर आलं आणि तोंडातलं गाणं, जे तिच्या नकळत चालू होतं, ते तिच्या नकळत थांबलं:

पाण्या रे हळू ये, माझा धाकला निजला
त्याच्या कुशीला गं बाई, सारा डोंगर भिजला

बाहेरच्या खोलीतून नवऱ्याने विचारलं, "काय गं, गाणं का थांबलं?" साधा प्रश्न. पण आजवर त्याने कधी विचारलं नव्हतं. गाणं आजवर कधी थांबलंही नव्हतं, हे तिच्या ध्यानात आलं नाही. तिने दगड पुसून थैलीत घातला, नाडी ओढली आणि मगच डोळे उघडले. "साबण गेला डोळ्यांत," ती म्हणाली. धाकल्याला साबण लावत नाहीत हे त्यालाही माहीत होतं. तो काही बोलला नाही, हे तिने मनात जपून ठेवलं.

लोक त्यांना दगडवाले म्हणत. ते स्वतःला काहीच म्हणत नसत, फार तर 'आमच्यात' म्हणत. आमच्यात मूर्ती नसते, आमच्यात घडवलेल्या दगडाला पाया पडत नाहीत, आमच्यात टाकीचा घाव बघितला तरी अंगावर काटा येतो. शहराच्या मधोमध, रस्ते दोन्ही बाजूंनी वळसा घालून जातात तिथे एक अख्खा खडक होता. त्याला थोरला म्हणायचं. आणि प्रत्येक माणसाचा आपला एक धाकला. मूल चालायला लागलं की त्याला नदीच्या कोरड्या पात्रात सोडतात, आणि जो दगड उचलून ते काही केल्या परत देत नाही, रडतं, चावतं, मुठीत घट्ट धरून बसतं, तो त्याचा. त्या दिवसानंतर त्या दगडाकडे कुणी डोळ्यांनी बघत नाही. तो थैलीत राहतो. ज्याचा त्याने तो रोज सकाळी थैलीसकट कपाळाला लावायचा, एवढंच. उघड्या हातात घ्यायचा तो दुसऱ्याने. आधी आईने, मग बायकोने किंवा नवऱ्याने. सुट्टीच्या सकाळी डोळे मिटून, उजव्या हाताने. डावा हात पाण्याचा. म्हणजे आपला दगड कसा आहे हे आपल्याला कधीच पुरतं कळत नाही, ते दुसऱ्याच्या तळव्यात असतं. लहानपणी हे सगळं तिला फार गोड वाटायचं. आता त्या गोडीला मुंग्या लागल्यासारख्या वाटल्या. ह्यांचा धाकला ओळखणारे हात जगात दोनच होते. सासूबाईंचा हात केव्हाच मातीत गेला. उरला हिचा. फसवायचं तर एकट्या हिलाच फसवायचं होतं, आणि ते केवढं सोपं! त्याच आकाराचा दुसरा उचलायचा, थैलीत टाकायचा, नाडी ओढायची. आणि खरा धाकला जिथे नेऊन ठेवला असेल ते त्याचं घर. बाकी मग सगळ्या भाड्याच्या खोल्या. ही खोली, हे दोन कप, ही खुंटी, ही ती स्वतः.

लग्नाच्या दिवशी सासूबाईंनी कापडाखाली तिचा हात धरून तो दगड तिच्या तळव्यात ठेवला होता. त्यांच्या हाताला ओल्या पानांचा वास होता. तिचा अंगठा धरून त्यांनी खाचेत बसवला आणि कानाशी लागून म्हणाल्या, "ही बघ. माझ्या पोराचा सगळा हट्टीपणा इथे साठलाय. इथे जरा हळू चोळत जा." आणि दोघी डोळे मिटलेल्या, शेकडो माणसांत, पोरींसारख्या खुसूखुसू हसल्या होत्या. नवरा पलीकडे अवघडून उभा होता, त्याला वाटलं आपल्यालाच हसतायत. हसत त्यालाच होत्या. तेव्हापासून कितीतरी सुट्ट्यांच्या सकाळी ती तो हट्टीपणा चोळत आली होती. भांडण झालेल्या आठवड्यात ती खाच जास्त खोल लागायची. मूल राहिलं आणि राहता राहता गेलं, त्या महिन्यात ती त्या खाचेत अंगठा ठेवून नुसतीच बसून राहायची, पाणी न घालता. आणि बाहेर नवरा दाराशी उभा राहायचा, आत न येता. बोलणं एवढंच व्हायचं. पुष्कळ व्हायचं.

आणि आई. आईचा हात तिला आठवला की आधी आठवायचं ते आईचं तोंड. वडिलांचा धाकला धुताना एके दिवशी आईचं तोंड असं झालं होतं, जसं जेवताना दाताखाली खडा यावा आणि पंगतीत थुंकता येऊ नये. ती लहान होती, समोर बसून बादलीत कागदाची होडी सोडत होती. आईने तो दगड धुतला, पुसला, थैलीत घातला. पुढच्या सुट्टीलाही धुतला. त्याच्या पुढच्याही. मग एक दिवस वडील निघून गेले, कुण्या पावाच्या दुकानवालीकडे राहायला, आणि थैली मात्र खुंटीवर तशीच. तरी आई धुतच राहिली. "आई, बाबा तर गेले, मग धुतेस कशाला?" असं तिने विचारल्यावर आई म्हणाली, "हा बिचारा आपल्या पायांनी थोडाच आलाय? कुणाचाच नाहीय तो." त्या वेळी तिला रडू आलं होतं ते वडिलांसाठी नाही, त्या दगडासाठी. मोठी झाल्यावर कळलं की दगड बदललाय हे आईला हाताने केव्हाच सांगितलं होतं, फक्त आईने विचारलं नाही. मी असते तर विचारलं असतं, असं ती तेव्हापासून मनाशी म्हणत आली. आईचं ते गिळलेलं तोंड आपल्या तोंडावर येऊ द्यायचं नाही. लग्न ठरण्याआधीपासून, नवऱ्याचं तोंडही बघण्याआधीपासून तिने हे ठरवलेलं होतं.

ती पडद्यांच्या दुकानात कापणीचं काम करायची. लांबलचक टेबल, जाड कापडाचे तागे, आणि बोटांवर घट्टे पाडणारी लोखंडी कात्री, जी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच हातात. दुसऱ्यांच्या खिडक्या किती रुंद आहेत हे तिला पाठ होतं. आत काय चालतं ते झाकायचे तिचे पैसे. आताशा टाचण्या पडायच्या. घेतली की पडायची. शेजारच्या मशीनवर जी बसायची तिला दुकानात सगळे वहिनी म्हणत, मालकसुद्धा, खरं तर ती कुणाचीच वहिनी नव्हती. ती म्हणाली, "हाताला भोकं पडली काय गं तुझ्या? सकाळपासून जमिनीला टोचतेयस." एकदा साय रंगाच्या पडद्यावर लाल ठिपका उठला, मग दुसरा; वहिनी ओरडली तेव्हा हिने बघितलं, बोटात टाचणी अर्धी गेली होती आणि हिला पत्ताच नाही. "कुठे असतं गं तुझं लक्ष?" वहिनीने बोट धरून नळाखाली घातलं. लक्ष कुठे असतं ते हिला पक्कं माहीत होतं. मनाला एवढा मोठा काटा टोचत असताना टाचणी कुठली कळायला, असं तिने स्वतःला सांगितलं आणि ते तिला पटलंही.

शेवटी न राहवून तिने वहिनीला सांगितलं. वहिनी त्यांच्यातली नव्हती, म्हणून सांगता आलं. वहिनीने शिलाई थांबवली, चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे लोकांच्या बायका नवऱ्याचा फोन तपासतात आणि तू दगड चाचपतेस?"

"हसू नका."

"हसत नाहीय गं. उलट बरंय तुमच्यात. फोनला पासवर्ड असतो." मग गंभीर होऊन म्हणाली, "आणि नवरा कसा वागतोय?"

नवरा कसा वागत होता? नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. अनोळखी इमारतींच्या पोटात उतरायचा, वंगणाने माखून वर यायचा, आणि जेवताना अडकलेल्या माणसांच्या गोष्टी सांगायचा. एक म्हातारा आत अडकला तर सुटका झाल्यावर म्हणे बाहेरच येईना, म्हणाला, जरा शांतता होती हो. अशा गोष्टी. आताशा गोष्टी बंद होत्या. खाली मान घालून जेवायचा. ती बघायला लागली की तो बघायचा नाही, आणि तो बघत नाही म्हणून ती आणखी बघायची. त्याच्या शर्टाला वेगळ्या वंगणाचा वास येत होता, किंवा वास तोच होता आणि ती आता तो वेगळा करून हुंगत होती. फोनवर तो "हो, हो, येतो, तोवर बटणं दाबू नका," असं म्हणायचा, आणि त्या 'येतो'मध्ये तिला मऊपणा लागायचा. घरात तिच्याशी 'येतो' म्हणताना असा मऊपणा असायचा का? तिने आठवून बघितलं. आठवताना प्रत्येक जुना 'येतो' थोडा थोडा कडक होत गेला. संशयाचं असं होतं की तो मागचंही खात सुटतो, लग्नाच्या दिवसापर्यंत जाऊन तिथलं हसूही कुरतडतो. सासूबाई तेव्हा नक्की कशाला हसल्या होत्या?

एका दुपारी डोकं दुखतंय म्हणून ती दुकानातून सुटली आणि त्याने सकाळी ज्या इमारतीचं नाव घेतलं होतं तिथे गेली. खालच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं, पुढे दोरी बांधलेली, आत काळोखी विहीर. माणूस दिसत नव्हता. वर कुठेतरी हातोडीचा ठोका आणि त्या ठोक्यावर ताल धरून त्याचा आवाज, विहिरीतून उतरत तिच्यापर्यंत आला: पाण्या रे हळू ये, माझा धाकला निजला. तो गात होता! घरी तिचा धाकला धुताना तो नुसता गुणगुणायचा, लाजत, अर्धे शब्द गिळून. इथे मोकळ्या गळ्याने. आणि गाणं संपताच कुठल्याशा मजल्यावरून एक बाई हसली. हसून काहीतरी म्हणाली, तो काहीतरी म्हणाला, शब्द विहिरीत विरघळले. ती दोरीला हात लावून उभी राहिली. धुण्याचं गाणं. धाकला हातात असल्याशिवाय ते कुणी म्हणतं का? मग कुणाचा धाकला, कुणाच्या बादलीत, कोणत्या मजल्यावर? तिने पायऱ्यांवर पाय ठेवला आणि काढला. वर जाऊन काय दिसलं असतं? वंगण, हातोडी, कदाचित पाण्याचा पेला घेऊन उभी असलेली एखादी आजी. दिसलेल्यावर तिचा विश्वास नव्हता, त्यांच्यात नसतोच. जे कळायचं ते तळव्याला कळलं होतं. त्यानंतरच्या सुट्टीला तळव्याने पुन्हा तेच सांगितलं: गुळगुळीत. या खेपेला तर दगड कापडात गुंडाळल्यासारखा लागला, परका, लांबचा. एवढा परका की तिची खात्रीच पटली.

विचारायचं तर त्यांच्यात रीत होती, आणि ती रीत सगळ्यांना घाबरवून ठेवायची. धाकल्याबद्दल आयुष्यात एकदाच विचारता येतं. विचारलं की शब्द परत घेता येत नाही. बैठकीत, थोरल्याभोवती बांधलेल्या दालनात, सगळ्यांसमोर जाऊन ओळखीला बसावं लागतं. थोरल्याच्या भोवती मेलेल्यांचे धाकले असतात, त्यांत थैलीतला दगड मिसळतात, वर कापड टाकतात, आणि विचारणाऱ्याने हाताने शोधून काढायचा. सापडला तर शंका फिटली. नाही सापडला तर ज्याला विचारलं त्याचा हात सुटतो. घर सुटतं, बैठक सुटते, मेल्यावर थोरल्याची सावलीही सुटते. त्या सकाळी नवरा चहात पाव बुडवत होता. पाव बशीत तुटून पडला, तो चमच्याने काढायला लागला, आणि त्या चमच्याकडे बघत ती म्हणाली, "तुमचा धाकला कुठे आहे?"

चमचा थांबला. "काय म्हणालीस?"

"ऐकलंत तुम्ही."

त्याने खुंटीकडे बघितलं. थैली तिथे होती. मग हिच्याकडे बघितलं, कितीतरी दिवसांनी नीट बघितलं, आणि त्याचा चेहरा तिला चोराचा वाटला नाही. पण चोराचा चेहरा कसा असतो हे तरी तिला कुठे माहीत होतं? वडिलांचाही छानच होता.

"परत घे," तो म्हणाला.

"घेता येत नाही."

"माहितीय मला येत नाही. तरी घे. मी ऐकलं नाही. तू बोलली नाहीस. शेजारी रेडिओ लागलाय, तो बोलला."

"म्हणजे कारण आहे घाबरायला."

"कारण!" तो उठला. चहा तसाच राहिला. "अगं वेडे, मी माझा दगड कधी हातात तरी घेतलाय का? तो कसा आहे ते तुलाच माहीत. तू नाही म्हणालीस तर मी कुणाला जाऊन विचारू? आईला?" आणि त्याच्या आवाजाला चीर गेली. तिला वाटलं, नाटक. लगेच वाटलं, नाटक नसेल तर? पण शब्द सुटला होता.

बैठकीच्या दालनात चपलांचा ढीग पडला होता. बातमी फिरली होती. राखणबाई, जी थोरल्याची राखण करायची, ती दारातच कुणावर तरी खेकसत होती, "ओळखीला आलात का बाजाराला? लहान पोरं मागे घ्या. आणि चपला जोडीने काढा, मागल्या खेपेला एकजण दोन्ही डाव्या घालून गेला." मध्ये थोरला बसलेला, राखी, खरबरीत, कुठूनही सुरू न होणारा. बायका हलक्या आवाजात म्हणत होत्या:

उन्हं पाठीवर घेऊन थोरला बसला उगा
आल्यागेल्या सगळ्यांना त्याच्या सावलीत जागा

सगळ्यांना, पण ज्याचा हात सुटला त्याला नाही. नवऱ्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. मानेवर वंगणाचा एक पुसायचा राहिलेला डाग होता. तो पुसावा म्हणून तिचा हात सवयीने उठला आणि तिने तो खाली घेतला. राखणबाईने डोळे मिटून नवऱ्याच्या थैलीतला दगड मेलेल्यांच्या दगडांत मिसळला, कापड पसरलं, आणि म्हणाली, "आधी हात जागा कर. स्वतःचा घे." ही रीत तिला माहीत नव्हती; ओळख लावायच्या आधी विचारणाऱ्याने स्वतःचा धाकला उघड्या हातात घ्यायचा, म्हणे हाताला खरं काय ते आठवतं. तिने कमरेची थैली सोडली, डोळे मिटले, आणि कळत्या वयात पहिल्यांदा आपला दगड उजव्या तळव्यात घेतला.

काहीच नव्हतं. म्हणजे वजन होतं, पण त्याला अंग नव्हतं; कापडात गुंडाळल्यासारखा, परका, लांबचा. तिच्या मनात वीज चमकावी तसं आलं: हाही बदलला! धुतो तोच ना! दोन्ही नेले, माझासुद्धा नेला! रागाच्या भरात, रोजच्या सवयीने, तिने तो दगड उचलून कपाळाला लावला. आणि कपाळाने तो लगेच ओळखला. दोन भुवयांच्या मध्ये बसणारा तो थंड उंचवटा, रोज थैलीतून लागणारा, आज उघडा लागला तरी तोच, तिचाच, तिच्यापेक्षाही जुना. ती तशीच राहिली. मग सावकाश दगड खाली आणला, तळव्यात ठेवला: परका. कपाळाला लावला: तिचा. पुन्हा तळव्यात: परका. दगड एकच होता. तिने उजव्या हाताची नखं अंगठ्याच्या पेरात रोवली, जोरात, आणखी जोरात. लांब, कुणाच्या तरी दुसऱ्या घरात, कुणीतरी दार ठोठावावं एवढंच लागलं. टाचण्या. पडद्यावरचा रक्ताचा ठिपका. कात्री, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. हात गेला होता, आणि जाताना तोच साक्ष देऊन गेला होता, आणि तिने एका मेलेल्या अंगठ्याच्या शब्दावर जिवंत माणसाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं.

"झाला का जागा?" राखणबाई म्हणाली.

"नाही," ती म्हणाली. "माझा हात मेलाय. मला काही लागत नाही. ह्यांचा धाकला खरा आहे. मीच..." 

दालनात कुजबुज झाली आणि त्या कुजबुजीचा रंग तिला डोळे मिटूनही कळला. कुणी म्हणालं, "बघा, ऐन वेळेला हात मेला." दुसरी म्हणाली, "सापडणार नाही हे कळलं असेल तिला. वाचवतेय." "बायकोच ती, अजून काय करणार." तिला हसू यायच्या बेतात होतं. इतके दिवस ती खोटं धरून बसली होती तेव्हा ते खरं होतं. आता खरं बोलली तर त्याला कुणी हात लावायला तयार नाही. संशय तिच्या एकटीचा होता तोवर तिच्या ताब्यात होता. आता तो सगळ्यांच्या घरी राहायला गेला.

"शब्द परत घेता येत नाही पोरी," राखणबाई म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "शोधायला लागेल. नाहीतर त्याचा हात सुटला."

ती कापडासमोर बसली. उजवा हात आत घातला, आणि तो आत दगडांमध्ये दगडासारखा पडून राहिला. तिने तो काढला. आणि डावा घातला. कुजबुज एकदम वाढली. "डावा! डावा हात घातला!" राखणबाई ओरडली, "गप्प बसा! डाव्याला कुणी मना केलेलं नाही. आजवर कुणाला सुचलं नाही एवढंच." डाव्या हाताने आजवर दगड म्हणून शिवला नव्हता. त्याला फक्त पाणी माहीत होतं. तो आंधळ्या पाहुण्यासारखा एकेकाच्या दाराशी जाऊन उभा राहू लागला. केवढं लागत होतं त्याला! एकाची पाठ चरचरीत, एक पोटाशी थंडगार, एकाला कानासारखा पातळ कोपरा. ही सगळी कुणाची तरी माणसं होती, कुणी तरी चोळून चोळून घासलेली. मग एका ठिकाणी डावा अंगठा घसरला आणि बसला. खाच. तिने तो मुठीत घेतला, आणि तेवढ्यात करंगळीला शेजारच्या दगडाची कड लागली, आणि तिथेही खाच होती. तिने दोन्ही चाचपले. एकाची जरा उथळ, एकाची जरा लांब. उजव्या हाताला विचारलं, तो मुका. सासूबाईंचा आवाज आठवून बघितला, तो हट्टीपणा म्हणाला होता, उथळ का लांब ते म्हणाला नव्हता. डावा हात कुठलंच वर्ष ओळखत नव्हता. त्याला खाच म्हणजे नुसती खाच.

तिने एक निवडला. का तोच, हे तिला सांगता आलं नसतं. तो तिने कापडाखालून काढून समोर धरला.

"दे त्याच्या कपाळाला," राखणबाई म्हणाली.

डोळे मिटलेलेच होते. तिला नवऱ्याच्या पावलांची चाहूल लागली, वंगणाचा वास आला, तोच, नेहमीचा, आणि दगड तिच्या हातातून उचलला गेला. मग काही झालं नाही. बायकांची कुजबुज थांबली, कुणाच्या तरी कडेवरचं पोर उचकी देत होतं तेही थांबलं. कपाळाला ओळखायला वेळ लागत नाही. तिच्या कपाळाने दगड लागता लागताच ओळखला होता. मग हा का थांबलाय? दगड परका लागला म्हणून का? की इतक्या दिवसांनी आपलं माणूस भेटल्यावर बोलवत नाही, तसं? नाही म्हणाला तर तो बाहेर. हो म्हणाला तर...

"माझाच," नवरा म्हणाला.

राखणबाईने टाळी वाजवली, लोक एकदम मोठ्याने बोलू लागले, मघाची तीच बाई म्हणाली, "मला वाटलंच होतं." कापडाखालचे बाकीचे दगड उचलून थोरल्याभोवती पुन्हा रचले गेले, खाचेचा दुसराही त्यांतच, एकावर एक, कुणी न बघता. आता तो कुणालाच कधी सापडणार नव्हता.

बाहेर पायऱ्यांवर नवरा खाली बसून बुटाची नाडी बांधत होता. "हाताचं आधी का बोलली नाहीस?" तो म्हणाला. "कप तीनदा फोडलेस. मला वाटलं, माझ्यावर राग आहे म्हणून आपटतेस. म्हणून मी आपला गप्प."

"मला कळलंच नाही."

"उद्या दाखवू डॉक्टरला."

"हो."

ती त्याच्या मानेवरच्या डागाकडे बघत होती. तो डाग, ते कान, ती नाडी बांधायची घाई, सगळं ओळखीचं होतं, आणि ह्या ओळखीच्या सगळ्याच्या आत एक अशी जागा झाली होती जिथे तिला जाता येणार नव्हतं. दगड त्याचाच असेल, तर तो आपला धाकला घेऊन घरी निघाला होता. नसेल, तर एका शब्दासाठी तो स्वतःला मेलेल्यांत ठेवून, कुणा परक्याचा दगड छातीशी धरून, तिच्यासोबत घरी निघाला होता. ह्यातलं कुठलं, हे विचारता येत नव्हतं. विचारायचं ते तिने विचारून टाकलं होतं.

तो उठला. थैली त्याने तिच्यापुढे धरली. तिने डावा हात पुढे केला. तो क्षणभर त्या हाताकडे बघत राहिला, मग त्याने थैली त्यात ठेवली आणि वरून आपला हात तसाच ठेवला, ती पडू नये म्हणून असेल, किंवा उगाच. दोघं रस्त्याला लागली. तिने थैली किंचित वरखाली करून बघितली. आधी तो त्याचाच असं धरून चालून बघितलं, मग परक्याचा असं. दोन्हींचं वजन सारखंच लागत होतं.